प्रश्न कुणी ठरवला, ते आधी विचार

पत्र :

नमस्कार ताई,

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय. अणुऊर्जा, अणुकचरा, प्रदूषण यांतला धोका माणसं कशी समजून घेतात, त्यावर निर्णय कोण घेतं, यावर पीएच.डी. करायची इच्छा आहे. आता एका मोठ्या प्रकल्पात संशोधन सहायक म्हणून जागा मिळतेय. पैसा अणुकचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या एका संस्थेचा. विषय आहे, ‘भूमिगत साठवणीबद्दल जनतेची स्वीकारार्हता कशी वाढवता येईल’. पगार बरा आहे आणि त्याच डेटावर पीएच.डी. करू देतो म्हणतात. पर्यावरण चळवळीतल्या मैत्रिणी म्हणतात, विकली जाशील. भौतिकशास्त्र शिकलेला भाऊ म्हणतो, ‘लोकांना विज्ञान कळत नाही, एवढंच तुमचं संशोधन. त्याला पीएच.डी. कशाला?’ मला स्वतःला वेगळीच धास्ती आहे. अकरावीनंतर मी भौतिकशास्त्राला हात लावलेला नाही, या मंडळींपुढे उभी कशी राहणार? आणि यात करिअर आहे का, की दर दोन वर्षांनी नवा प्रकल्प शोधत फिरायचं? जागा घेऊ का? (कृपया नाव छापू नका.)

उत्तर :

आधी तुझ्या भावाचं घेते. ‘लोकांना विज्ञान कळत नाही’ हे या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडतंच. ते अगदीच बिनबुडाचं असतं तर दोन ओळींत उडवून लावलं असतं. पण हा विषय उभाच राहिला तो त्या वाक्याशी भांडत, म्हणून जरा सविस्तर.

१९६९ साली चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात लेख लिहून विचारलं, समाज किती धोका पत्करायला तयार असतो? अपघातांचे आणि फायद्यांचे आकडे समोरासमोर ठेवून त्याने हिशेब काढला, की आपण होऊन ओढवून घेतलेला धोका माणसं लादलेल्या धोक्याच्या साधारण हजारपट चालवून घेतात. पुढे अमेरिकेतल्याच ऑरेगॉन राज्यातल्या काही मानसशास्त्रज्ञांच्या मनात आलं, की आकड्यांवरून लोकांच्या मनातलं ताडत बसण्यापेक्षा लोकांनाच का विचारू नये? पॉल स्लोविक, बरूक फिशहॉफ, सारा लिक्टनस्टाइन ही त्यातली नावं. त्यांनी ३० गोष्टींची यादी केली. मोटारगाड्या, सिगारेट, पिस्तुलं, पोहणं, शस्त्रक्रिया, लसीकरण, गवत कापायचं यंत्र आणि अणुऊर्जा. सर्वांत धोक्याचं काय, त्याप्रमाणे क्रम लावा. महिला मतदारांच्या एका संघटनेच्या सदस्यांनी आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी अणुऊर्जेला पहिला क्रमांक दिला. जोखमीच्या तज्ज्ञांनी दिला विसावा.

भाऊ इथेच थांबून म्हणेल, बघ, मी काय सांगत होतो! त्याला पुढचं वाचायला लाव. त्याच सामान्य लोकांना विचारलं, की नेहमीसारख्या एखाद्या वर्षात यातल्या प्रत्येक गोष्टीने किती माणसं मरतील? तेव्हा अणुऊर्जेला त्यांनी यादीतला सर्वांत कमी आकडा दिला. म्हणजे नेहमीच्या वर्षात फारसं कुणी मरत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण ‘एखादं वर्ष भयंकर निघालं तर?’ असं विचारल्यावर त्यांचा आकडा कुठल्या कुठे गेला. तज्ज्ञ वर्षाकाठचे मृत्यू मोजून मोकळे झाले होते. बाकीचे आणखीही काही मोजत होते. यात आपल्या हातात काही आहे का, एका फटक्यात किती जातील, पोराबाळांपर्यंत पोचणार का, जाणकारांना तरी पुरतं उमगलंय का. यातला कोणता प्रश्न अडाणी आहे, ते भावाला विचार.

लोक नेहमी बरोबरच असतात असं मात्र मी म्हणत नाहीये, आणि या क्षेत्रात आलीस तर तूही म्हणू नकोस. चेर्नोबिलला वीस वर्षं होत आली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून केलेल्या आढाव्यात मानसिक आरोग्यावरचा परिणाम हा त्या दुर्घटनेचा सार्वजनिक आरोग्याचा सर्वांत मोठा प्रश्न ठरला होता. जपानच्या फुकुशिमात २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर स्थलांतर, औषधपाण्याचे हाल, मोडलेलं घरदार यांतून जे मृत्यू झाले, त्यांची त्या प्रांतातली नोंद २३०० च्या वर गेली; प्रत्यक्ष भूकंप-त्सुनामीत तिथे त्याहून कमी माणसं गेली होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या रुग्णांना बसमध्ये घालून तासन्‌तास हिंडवलं गेलं. याला ‘लोकांची भीती’ म्हणायचं, की स्थलांतराची तयारीच नसलेल्या यंत्रणेचं अपयश? या प्रश्नाचं उत्तर भौतिकशास्त्र देत नाही. तिथे तुझं काम सुरू होतं.

आता कंब्रियाच्या मेंढ्या. कुणालाही हा विषय समजावून सांगायचा झाला की मी इथेच येते.

चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ ला फुटली. मेच्या सुरुवातीला किरणोत्सारी ढग ब्रिटनवर होता, तेव्हाच वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगरांवर जोराचा पाऊस झाला आणि ढगातलं सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य गवतावर उतरलं. आधी सांगितलं गेलं, काळजीचं कारण नाही. मग जूनमध्ये एकदम मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. फक्त तीन आठवड्यांची, असं शास्त्रज्ञ म्हणाले. त्यांचा हिशेब असा, की सीझियम मातीत मुरेल, चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतील, गवतात ते परत येणार नाही आणि मेंढीच्या अंगात गेलेलं थोड्या दिवसांत निघून जाईल. हा हिशेब सखल भागातल्या चिकण, अल्कधर्मी जमिनीवर बेतलेला. डोंगरावरची जमीन आम्लधर्मी, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याची. तिथे सीझियम मोकळंच राहतं, मुळं ते पुन्हा शोषून घेतात, मेंढी पुन्हा तेच गवत खाते. तीन आठवड्यांची म्हणून आलेली बंदी ब्रिटनमधल्या शेवटच्या काही शेतांवरून उठली ती २०१२ साली.

ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. अधिकारी सांगत, मेंढ्या खाली खोऱ्यात आणा, तिथलं गवत स्वच्छ आहे. शेतकरी म्हणत, खोऱ्यातलं गवत ही आमची पुढची बेगमी, ती आत्ता संपवली तर नंतर जनावरांना काय घालू? बेंटोनाइट नावाची चिकणमाती पसरली तर ती सीझियम धरून ठेवते का, हे पाहायला डोंगरावर कुंपणं घालून मेंढ्या कोंडल्या. शेतकऱ्यांनी बजावलं, की रानात मोकळी फिरणारी मेंढी कोंडली की खंगते, तुमचे आकडे कामाचे राहणार नाहीत. ऐकतो कोण! पुढे नेमक्या त्याच कारणाने प्रयोग गुपचूप गुंडाळला गेला. ज्यांनी आधी सांगितलं होतं त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. त्यात सेलाफिल्डचा अणुप्रकल्प शेजारीच. त्याचं जुनं नाव विंडस्केल असताना, १९५७ मध्ये, तिथल्या अणुभट्टीला आग लागली होती आणि आसपासच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं होतं. ते विसरायला शेतकरी काही तयार नव्हते. ‘हे सगळं सोव्हिएत युनियनमधून आलंय’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की ते मान डोलावत आणि मनात शंका ठेवत. शंका ठेवायला त्यांच्याकडे कारण होतं.

जाता जाता भावाला हेही सांग, की या विनची पीएच.डी. केंब्रिजची, मटेरियल सायन्समधली. समाजशास्त्राकडे तो नंतर वळला.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते त्या प्रकल्पाचं शीर्षक. ‘स्वीकारार्हता कशी वाढवता येईल.’ यात निकाल आधीच लागलेला आहे. साठवण बरोबर, लोक अडलेले. संशोधकाला मग उरतं काय? लोकांची डागडुजी. आणि नजर एकाच दिशेला लागते, गावाकडे. कचरा सांभाळणाऱ्यांकडे कुणी वळूनही बघत नाही.

खरं तर या विषयातलं निम्मं मोलाचं काम दुसऱ्या दिशेला बघून झालंय. १९७९ च्या मार्चमध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. त्यावर नेमलेल्या केमेनी आयोगाचा निष्कर्ष होता, की मूळ दुखणं यंत्रांचं कमी आणि माणसांचं, संघटनेचं, कामाच्या रीतीचं जास्त. त्या आयोगासाठी टिपण लिहायला चार्ल्स पेरो यांना बोलावलं होतं. ते संस्था-संघटनांचे समाजशास्त्रज्ञ. यंत्रणा फार गुंतागुंतीची आणि तिचे भाग एकमेकांना फार घट्ट जखडलेले असतील, तर छोट्या छोट्या चुका अनपेक्षितपणे एकमेकींत मिसळतात आणि अपघात हा त्या यंत्रणेचा स्वभावच होऊन बसतो, ही त्यांची मांडणी तिथून आकाराला आली.

किंवा तोकाइमुराची बादली बघ. ३० सप्टेंबर १९९९, जपानमधला इंधनप्रक्रियेचा कारखाना. कामगार युरेनियमचं द्रावण स्टीलच्या बादलीतून नरसाळ्यातून एका टाकीत हाताने ओतत होते. टाकी त्या कामाची नव्हती. २.४ किलोची मर्यादा, टाकीत सुमारे १६ किलो जमलं. निळा प्रकाश चमकला आणि साखळी प्रक्रिया सुरू झाली. ती पुरती थांबायला वीसेक तास गेले. दोन कामगार पुढे दगावले. बातमीत काय आलं असेल ते तू ओळखशील, ‘कामगारांचा निष्काळजीपणा’. पण बादली वापरण्याची पद्धत कंपनीने स्वतःच्याच नियमपुस्तिकेत लिहून ठेवली होती, सरकारी मंजुरी नसताना. त्या दिवशी कामगारांनी त्याच्या पुढची आणखी एक पायरी गाळली, एवढंच. एवढं युरेनियम एका जागी आलं तर काय होतं, याचं धड प्रशिक्षण त्यांना कुणी दिलं नव्हतं. बादली त्या पुस्तिकेत कशी आली, सही कुणाची, कुठल्या घाईत, कुणाला खटकलं आणि तो का गप्प बसला, हे शोधणं म्हणजे जोखमीचं समाजशास्त्र.

अणुकचऱ्याचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत चल. तिथे ६५० मीटर खोल मिठाच्या थरात अण्वस्त्रनिर्मितीतला कचरा पुरतात. दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाने तिथे खणू नये म्हणून वर कोणत्या खुणा उभाराव्यात, यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मानववंशशास्त्रज्ञांपासून भाषातज्ज्ञांपर्यंत सगळ्यांना बसवून खल झाला होता. जागा १९९९ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये खाली ठेवलेलं एक पिंप तापून फुटलं आणि किरणोत्सारी कण बाहेर आले. कारण काय, तर लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत ते भरताना ओल शोषायला, मांजरांच्या शौचासाठी वापरतात त्या खनिज मातीऐवजी गव्हापासून बनवलेली ‘सेंद्रिय’ माती टाकली होती. जागा तीनेक वर्षं बंद. दहा हजार वर्षांची चिंता वाहिली आणि पंधराव्या वर्षी मांजराच्या मातीने घात केला!

फुकुशिमाच्या चौकशीसाठी जपानच्या संसदेने नेमलेल्या आयोगानेही २०१२ मध्ये ती दुर्घटना मानवनिर्मित होती असं म्हटलं. सरकार, नियामक आणि कंपनी यांच्यातल्या साटंलोट्यावर त्याने बोट ठेवलं. अशा वेळी ‘लोकांचा विश्वास कसा वाढवावा’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. विश्वास ठेवण्याजोगं काय आहे, हे कुणी तपासायचं?

म्हणून मैत्रिणींना माझं उत्तर असं, की पैसा कुणाचा यापेक्षा प्रश्न कुणी ठरवला हे आधी बघ. पैसा कोऱ्या हातांनी कुणीच देत नाही. नेवाडातल्या युक्का पर्वतात देशभराचं वापरलेलं अणुइंधन पुरायचं, दुसऱ्या कुठल्या जागेचा विचारच नको, असं अमेरिकी संसदेने १९८७ मध्ये ठरवून टाकलं. त्यानंतर लोकांच्या मनात अणुकचऱ्याच्या काय प्रतिमा आहेत, विश्वास कसा तुटतो, यावर जे उत्तम संशोधन झालं त्यातलं बरंचसं खुद्द नेवाडा राज्याच्या पैशावर झालं. आणि राज्याला तर तो प्रकल्प हाणून पाडायचा होता. म्हणून ते संशोधन खोटं ठरतं का? नाही. पण वाचणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

तुझ्या मैत्रिणींच्या जवळची एक वाटही सांगते. ह्यू गस्टरसन हा मानववंशशास्त्रज्ञ आधी अण्वस्त्रविरोधी चळवळीत होता. मग कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या अण्वस्त्रं बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचा अभ्यास करायला गेला. आतल्या गोपनीय भागात त्याला प्रवेश नव्हता. मग तो त्यांच्या गावात राहिला, चर्चमध्ये गेला, घरी जाऊन बोलला. तिथे त्याला श्रद्धाळू माणसं भेटली, उदारमतवादी भेटली, आपलं काम युद्ध टाळतं असं मनापासून मानणारीही भेटली. त्याने ते तसं लिहिलं. ‘आपल्यातला’ म्हणून पाठीवर हात ठेवणारे अशा वेळी दोन्हीकडे कमी होतात. ते तुला झेपणार नसेल तर हे क्षेत्र तुझं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता निर्णय. जागा घे, पण काही गोष्टी लेखी मिळाल्या तरच.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची, छापण्याचा अधिकार. मसुदा त्यांनी आधी वाचावा, तथ्याच्या चुका दाखवाव्यात, त्यासाठी महिना-दोन महिने घ्यावेत, इथवर ठीक. ‘मंजुरीनंतरच प्रसिद्धी’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर तिथेच नमस्कार कर आणि बाहेर पड. मुलाखतींचा डेटा कुणाच्या ताब्यात राहणार हेही त्याच बैठकीत विचार. गावातल्या कुणी विश्वासाने काही सांगितलं आणि नावगावासकट ते प्रकल्पाच्या जनसंपर्क विभागात पोचलं, तर पुढे त्या गावात तुलाच काय, कुणालाच कुणी दारात उभं करणार नाही. पैसा कुणाचा आहे हे प्रत्येक मुलाखतीच्या आधी, संमतिपत्रात, सरळ शब्दांत सांगायची मुभा हवी. यावर संस्था काचकूच करू लागली तर ते उत्तरच समज.

शीर्षक बदलायला ते कदाचित तयार होणार नाहीत. फार ताणू नकोस, पण तुझ्या वाट्याच्या भागात एक प्रश्न घालून घे : ही संस्था निर्णय कसे घेते, लोकांचं म्हणणं आत गेल्यावर त्याचं काय होतं? बैठकांची इतिवृत्तं, अंतर्गत टिपणं, अभियंत्यांच्या मुलाखती मिळतील का, ते विचार. अशी दारं बाहेरच्याला सहसा उघडत नाहीत. या जागेचा तुला खरा फायदा असेल तर तो हा. पगार नव्हे.

आणि त्यांना पटवायला एक उदाहरण हाताशी ठेव. स्वित्झर्लंडमधलं वोल्फेनशिसेन. अणुकचऱ्याच्या साठवणीसाठी तिथली जागा चर्चेत होती. १९९३ मध्ये ब्रुनो फ्राय आणि फेलिक्स ओबरहोल्झर-गी या अर्थशास्त्रज्ञांनी रहिवाशांना विचारलं, तुमच्याकडे साठवण आली तर चालेल का? ५०.८ टक्के हो म्हणाले. मग विचारलं, भरपाई दिली तर? होकार २४.६ टक्क्यांवर घसरला. पैसे पुढे केले आणि हो म्हणणाऱ्यांतले निम्मे मागे फिरले. देशाचा कचरा कुठेतरी ठेवायलाच हवा, आपण नाही म्हणून कसं चालेल, या भावनेने जे तयार होते त्यांच्यापुढे सौदा आला आणि ती भावना विरली, असा अर्थ त्यांनी लावला. स्वीकारार्हता ‘वाढवायला’ निघालेल्यांनी हे आधी वाचावं. याउलट स्वीडन आणि फिनलंडमध्ये स्थानिक नगरपालिकेला नकाराचा अधिकार आहे. फिनलंडच्या युराजोकीने होकार दिला, तिथे कातळात बोगदे खोदून झाले. स्वीडनच्या फोर्समार्कला २०२२ मध्ये सरकारची मंजुरी मिळाली. दोन्ही गावांच्या शेजारी आधीपासून अणुभट्ट्या आहेत, हे विसरून चालणार नाही, नाहीतर ‘नकाराधिकार द्या, होकार घ्या’ असं नवंच सूत्र कुणीतरी काढेल. तरी नाही म्हणता येतं, म्हणून हो म्हणण्याला काही किंमत राहते, एवढं त्यातून नक्की दिसतं. युक्का पर्वतावर मात्र अब्जावधी डॉलर गेले आणि तिथे आजवर एकही पिंप पुरलेलं नाही.

तुझी भौतिकशास्त्राची धास्ती. कलनशास्त्र लागत नाही. लागतं ते असं : बेक्वेरेल पदार्थातला किरणोत्सार मोजतो आणि सिव्हर्ट त्याचा शरीरावरचा परिणाम, यांत गफलत होता कामा नये. नैसर्गिक किरणोत्साराची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, सामान्य माणसासाठी त्यावर जास्तीची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०. अर्धायुष्य, सीझियम आणि आयोडीन यांच्या वागण्यातला फरक, संभाव्यता कशी काढतात, अभियंते अपघाताची झाडासारखी आकृती मांडतात ती वाचायची कशी आणि त्या झाडाला कोणत्या फांद्या काढलेल्याच नसतात. नेटाने बसलीस तर काही महिन्यांचं काम आहे, आणि शिकवायला भाऊ घरचाच. त्याला मास्तरकी दिली की त्याचा सूरही बदलेल, बघ. सांख्यिकी आणि सर्वेक्षणाची प्रश्नावली बांधणं मात्र नीट, मन लावून शीक. तिथे कच्चं राहिलेलं चालत नाही.

यातले बरेच आकडे यंत्राने मोजून हाती येत नाहीत, माणसं बसून ठरवतात. हे कळलं की भीती निम्मी जाते. फुकुशिमानंतर शाळांच्या मैदानांसाठी वर्षाला २० मिलिसिव्हर्टचा निकष लावला गेला, तेव्हा पंतप्रधानांनी नेमलेले किरणोत्सार-सल्लागार तोशिसो कोसाको यांनी एप्रिल २०११ मध्ये राजीनामा दिला. मुलांना तो आकडा लावणं आपल्याला मान्य नाही, असं पत्रकारांसमोर सांगताना त्यांना रडू आवरलं नाही. टोकियो विद्यापीठातले प्राध्यापक होते ते, त्यांना विज्ञान कळत नव्हतं असं तुझा भाऊही म्हणणार नाही. किती धोका कुणाच्या पोराने सोसावा, या वादात तुझ्यासारखीने गप्प बसायचं कारण नाही.

करिअरचं आता थोडक्यात आणि खरं खरं. ‘जोखीम-समाजशास्त्र’ अशी पाटी असलेला विभाग तुला क्वचितच सापडेल. माणसं भूगोलात, मानसशास्त्रात, मानववंशशास्त्रात, इतिहासात, सार्वजनिक आरोग्यात विखुरलेली आहेत. या विषयातलं मोठं नाव रॉजर कॅस्परसन, ते भूगोलाचे. स्लोविकची मंडळी अनेक वर्षं एका छोट्या ना-नफा संशोधन संस्थेतून काम करत आली. १९८० पासून ‘सोसायटी फॉर रिस्क ॲनालिसिस’ आहे, तिथे अभियंते आणि समाजशास्त्रज्ञ एका छताखाली भेटतात. नियामक संस्था, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची अणुऊर्जा संस्था, विमा कंपन्या, आपत्ती व्यवस्थापन, पर्यावरणाच्या स्वयंसेवी संस्था यांनाही अशी माणसं लागतात. कायमच्या जागा थोड्या. पाच-सहा वर्षं प्रकल्पामागून प्रकल्प धरावे लागतील, ही तुझी भीती खरी आहे. ती मी गोड करून सांगणार नाही.

म्हणून एकट्या अणूवर विसंबू नकोस. अणुऊर्जेवरच्या संशोधनाचा पैसा लाटेसारखा येतो. १९७९, १९८६, २०११ नंतर भरती आणि मग ओहोटी. पूर, रसायनं, पिण्याचं पाणी, उष्णतेच्या लाटा यांतलं एक काहीतरी जोडीला धर. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलज्ञाने १९४५ मध्येच दाखवून दिलं होतं, की फक्त बांध घालून पूर आटोक्यात येत नाही. बांधाच्या भरवशावर लोक पूरक्षेत्रात वस्ती वाढवतात आणि बांध फुटला की नुकसान आणखी मोठं होतं. सुरक्षेची खात्रीच धोका कसा वाढवते, हे पाहायला अणुभट्टीच लागते असं नाही. मॅसेच्युसेट्समधल्या वोबर्नचंही वाच. तिथे मुलांना रक्ताचा कर्करोग होतोय हे आधी एका आईच्या लक्षात आलं, घरोघर विचारून कुटुंबांनी नकाशा केला आणि मग तज्ज्ञ आले. फिल ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने त्यावर केलेलं काम तुझ्या पीएच.डी.च्या पद्धतीला उपयोगी पडेल.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांना तपासायला अमेरिकेने १९४७ पासून एक आयोग चालवला. तो रक्त घ्यायचा, मोजमापं करायचा, फोटो काढायचा, उपचार मात्र करायचा नाही. ‘आम्ही गिनिपिग आहोत’ ही तिथल्या लोकांची भावना पुढे कित्येक दशकं गेली नाही. ज्या गावात अपघात झालाय किंवा प्रकल्प येऊ घातलाय, तिथे तुझ्या आधी दहा सर्वेक्षणं होऊन गेलेली असतात आणि एकाचाही निष्कर्ष गावात परत आलेला नसतो. तुझा आलाच पाहिजे, त्यांच्या भाषेत, प्रबंध सादर होण्याआधी. त्याचा खर्च आणि वेळ प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आत्ताच मागून घे. नंतर कुणी देत नाही.

पीएच.डी.चा सगळा भार त्यांच्या डेटावर टाकू नकोस. निदान एक प्रकरण असं ठेव, की उद्या करार मोडला तरी ते तुझं राहील. त्यासाठी सार्वजनिक नोंदी आहेत, चौकशी आयोगांचे अहवाल आहेत, न्यायालयीन कागदपत्रं आहेत. मार्गदर्शक त्या प्रकल्पाच्या बाहेरचा मिळाला तर उत्तमच.

आणि सही करण्याआधी आणखी एक काम. या प्रकल्पातून, किंवा याच संस्थेच्या आधीच्या एखाद्या प्रकल्पातून, बाहेर पडलेली एखादी सहायक शोध. प्रमुख तिचं नाव देणार नाहीत, जुन्या लेखांच्या आभारांत सापडेल. तिला फोन करून विचार, की तू लिहिलेलं आणि कधीच न छापलेलं असं काही आहे का, आणि ते कुणी थांबवलं.